वाळवी: औषध कुठे मारायचे आणि पैसे कशाचे द्यायचे

दर पावसाळ्यात वाचकांचे तेच प्रश्न येतात. गेल्या वर्षी पेस्ट कंट्रोल केले होते, तरी वाळवी परत कशी आली? चौथ्या मजल्यावर ती पोचतेच कशी? सुताराने ‘वॉटरप्रूफ प्लाय’ सांगून जास्तीचे पैसे घेतले, मग कपाट आतून पोकळ कसे निघाले?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. कपाट, दाराची चौकट किंवा पुस्तकांचा खण म्हणजेच वाळवीचे घर, असे धरून आपण औषध तिथेच मारतो. बहुतेक वेळा तिथे ती फक्त जेवायला आलेली असते. तिचे घर जमिनीत किंवा कुठल्या तरी ओलीत असते आणि तिथून तुमच्या कपाटापर्यंत तिचा झाकलेला रस्ता असतो. हा रस्ता आणि ही ओल सापडली नाही, तर कपाटावर कितीही फवारा मारा, महिन्या-दोन महिन्यांत ती शेजारच्या चौकटीतून डोके वर काढते. त्यामुळे आधी शोध, मग औषध. घाई करून उलटे करू नका.

आधी खात्री करा: ती वाळवीच आहे का?

लाकूड पोखरणारे तीन वेगळे पाहुणे आपल्याकडे सापडतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

- जमिनीतील वाळवी. भिंतीवर, स्कर्टिंगच्या कडेने किंवा कपाटाच्या पाठीमागे पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसतात. लाकूड आतून खाल्लेले असते आणि पोकळीत माती भरलेली असते. आपल्याकडच्या घरांत बहुतांश त्रास हिचाच.
- कोरड्या लाकडातील वाळवी. हिला जमिनीची गरज नसते, मातीच्या नळ्याही नसतात. लाकडाखाली खसखशीएवढे कडक दाणे पडतात. बोटांत चोळले तर ते खरखरीत लागतात. किनारपट्टीच्या दमट हवेत, जुन्या सामानात हिचा आढळ जास्त.
- भुंगा. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी गोल भोके आणि खाली मैद्यासारखी बारीक भुकटी. प्लायवुडच्या पलंगाखाली रोज सकाळी पिवळसर पूड पडत असेल, तर बहुधा हाच. जमिनीत औषध सोडून याचे काहीही बिघडत नाही.

पावसाच्या सुरुवातीला संध्याकाळी दिव्याभोवती जमणारी पाखरे हा आणखी एक घोळ. ती वाळवीची की मुंग्यांची? वाळवीच्या पाखराचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मिशा सरळ असतात आणि कंबर बारीक नसते. पंखवाल्या मुंगीची कंबर आवळलेली, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. पाखरे खिडकीतून आत आली असतील तर घाबरू नका. दिवे मालवा, खिडक्या लावा, सकाळी पंख झाडून टाका. पण तीच पाखरे चौकटीच्या फटीतून, फरशीच्या सांध्यातून किंवा भिंतीतून बाहेर पडताना दिसली, तर त्या जागी वसाहत आहे आणि ती काही वर्षांची आहे. नव्या वसाहतीतून पाखरे निघत नाहीत.

सापडल्या सापडल्या काय करावे

मातीची नळी दिसली की झाडू घेऊन ती खरवडून टाकावी, वर डासांचा स्प्रे मारावा, हा आपला सगळ्यांचा पहिला हात. नेमके तेच करू नका. नळी पुसली की रस्त्याची खूण गेली. स्प्रेने समोरच्या दहा-वीस मरतात, बाकीच्या ती जागा टाळून दुसरीकडून वाट काढतात. मग येणारा कारागीर अंदाजाने भोके पाडत बसतो.

त्याऐवजी असे करा:

1. नळ्यांचे, पडलेल्या मातीचे, खाल्लेल्या लाकडाचे फोटो काढा. फोटोवर तारीख राहू द्या. पुढे सोसायटीशी, बिल्डरशी किंवा कंपनीशी बोलताना ते लागतील.
2. नळीचा बोटभर तुकडा मधोमध मोडा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. दोन-तीन दिवसांत ओली माती लावून तो बुजवलेला दिसला, तर रस्ता चालू आहे. बुजला नाही तर ती नळी जुनी असू शकते, पण दुसरी नसेल असे समजू नका.
3. कागद, पुस्तके, कपडे तेवढे बाहेर काढा. एकेक वस्तू झटकून उन्हात ठेवा. न तपासता दुसऱ्या खोलीत रचू नका.
4. स्विचबोर्डातून माती गळत असेल तर आत काहीही फवारू नका. वाळवी वायरिंगच्या पाइपमधून सहज फिरते. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या.

नुकसान किती झाले ते पाहायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकटीवर खालून वर टक टक करत जा. शाबूत लाकूड ठणठणीत वाजते, पोखरलेले भदभद बोलते. शंका आली तिथे टोक हलके दाबा. वरचा रंग कागदासारखा आत जातो आणि खाली माती भरलेले कप्पे दिसतात. बाहेरून चौकट अगदी नवी दिसत असते, कारण वाळवी उजेडात येत नाही आणि रंगाचा थर जपून ठेवते. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग नीट वाजवा, सुरुवात बहुतेक तिथूनच असते.

रस्ता शोधताना कुठे पाहायचे

बाथरूमपासून सुरुवात करा. बाथरूमच्या दाराची लाकडी चौकट घरात सगळ्यात आधी जाते, कारण तिचे पाय रोज ओले होतात. त्याच भिंतीच्या पलीकडे बेडरूमचे कपाट टेकवलेले असते आणि ही बांधणी फ्लॅटमध्ये फार सर्रास आहे. भिंतीतला पाइप झिरपतो, प्लास्टर ओले राहते, कपाटाची पाठ दमट होते. त्यानंतर स्वयंपाकघरात सिंकखालच्या ट्रॉल्या, गीझरचा पाइप झाकायला केलेली प्लायची पेटी, खिडकीच्या चौकटीचा खालचा भाग आणि माळ्यावरची खोकी पाहा. जमिनीवर ठेवलेली रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी हा वाळवीचा आवडता खाऊ आहे.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर डक्ट पाहा. ड्रेनेजच्या पाइपाभोवतीची मोकळी जागा, लिफ्टची भिंत, इमारतीच्या सांध्यातली फट आणि वायरिंगच्या नळ्या हे तिचे जिने आहेत. शिवाय कायम झिरपणारा पाइप किंवा गच्चीची गळती मिळाली, तर काही जातींची वाळवी वरच्या मजल्यावरच भिंतीच्या पोकळीत घरटे करून राहते आणि जमिनीशी संबंध तुटला तरी जगते. म्हणून ‘आम्ही सातव्या मजल्यावर आहोत’ याला अर्थ नाही. गळती काढली नाही तर वरच्या मजल्यावरच्या औषधाचा उपयोग जेमतेम होतो. आधी प्लंबर, मग पेस्ट कंट्रोल.

कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंतींची कौलारू घरे आहेत, तिथे तपासणी बाहेरून सुरू करा. जांभा सच्छिद्र असतो, दोन चिऱ्यांमधला जुना मातीचा सांधा पोकळ झालेला असतो, आणि नळी भिंतीच्या आतून थेट वाशापर्यंत पोचते. खाली काहीच दिसत नाही आणि रीप मात्र भुगा होते. शिडी लावून वासा भिंतीवर जिथे टेकतो ते टोक पाहा. भिंतीला लागून रचलेले सरपण, नारळाची सोडणे, जुन्या फळ्या आज ना उद्या हलवायच्याच आहेत, त्या आजच हलवा.

परसात वारूळ असेल तर? प्रत्येक वारुळातली वाळवी घरात येतेच असे नाही. काठीने किंवा पहारीने ते फोडू नका, ओसाड वारुळात साप राहतात. घराच्या भिंतीपासून दोन-चार पावलांवर असेल, तर येणाऱ्या माणसाला दाखवा आणि त्याच्या कामात त्याचाही समावेश करून घ्या. दूर असेल आणि तुम्ही नागपंचमीला त्याची पूजा करत असाल, तर निर्धास्त करा.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच

ऊन चांगले. खुर्ची, पाट, लाकडी खोके, पुस्तके कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवली, तर त्यातली वाळवी मरते किंवा निघून जाते. खाल्लेला तुकडा कापून टाकणे हाही उत्तम उपाय. पुस्तकांत कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, त्याच्यावर भिस्त मात्र ठेवू नका. बोरिक पावडर कोरड्या फटीत काही काळ काम करते, पण मुलांच्या आणि मांजराच्या तोंडात जाणार नाही अशाच जागी ठेवायची.

हिंगाचे पाणी, मीठ, चुना यांनी दिसणारी वाळवी हटते एवढेच. रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे हा उपाय नव्हे, आगीला आमंत्रण आहे.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. धान्याला लावतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कपाटात किंवा फटीत ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो भिंतीतल्या फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरातही जातो आणि झोपलेली माणसे मारतो. या गोळ्यांची विक्री सर्वसामान्य ग्राहकाला करण्यास मनाई आहे. कोणी दिल्याच, तरी घेऊ नका.

पेस्ट कंट्रोलवाल्याकडून नेमके काय करून घ्यायचे

पैसे वाया जातात ते इथे. जुन्या इमारतीतील वाळवीच्या उपचारासाठी भारतीय मानक आहे: आयएस ६३१३, भाग ३. ते तुम्ही विकत घेऊन वाचायची गरज नाही. त्यातली चार-पाच मापे लक्षात ठेवली तरी समोरचा माणूस काम करतोय की पाणी शिंपडतोय ते कळते.

- भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कडेने सुमारे १२ मिलिमीटर व्यासाची भोके, एकमेकांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, म्हणजे फुटाफुटावर.
- प्रत्येक भोकात पंपाच्या दाबाने औषध सोडायचे, आत जाईनासे होईपर्यंत किंवा जास्तीत जास्त एक लिटर.
- मग भोके सिमेंटने बुजवायची.
- तळमजल्यावर, बाहेरच्या बाजूने भिंतीलगतच्या मातीतही सळईने भोके पाडून औषध द्यायचे.
- लाकडात बारीक, सुमारे ६ मिलिमीटरची, खाली उतरती भोके साधारण १५ सेंटिमीटरवर पाडून तेलात मिसळलेले औषध भरायचे.

आता हिशेब करून पाहा. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. दार सोडले तर चाळीसेक भोके. एका भोकाला लिटर धरले तर एकट्या त्या खोलीला चाळीस लिटरपर्यंत द्रावण लागू शकते. भोक लवकर भरले तर कमी लागेल हे मान्य. पण दोन बेडरूमच्या तळमजल्यावरच्या घरात माणूस पाठीवर एकच पंप घेऊन येतो, पाऊण तासात स्कर्टिंगवरून फवारा फिरवतो आणि ‘झालं, आता पाच वर्षं बघायला नको’ म्हणतो, तेव्हा झाला तो झुरळांचा फवारा. वाळवीचे काम अर्धा दिवस तरी घेते, घरभर धूळ उडते आणि ड्रिलच्या आवाजाने शेजारी विचारायला येतात.

औषध कोणते, हेही विचारा. प्रचलित औषधांचे दोन गट आहेत. क्लोरपायरीफॉस आणि बायफेंथ्रिन ही जुन्या वळणाची. क्लोरपायरीफॉसला वास येतो; दोन्ही वाळवीला लागलीच मारणारी किंवा हटवणारी. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल यांचा वाळवीला पत्ता लागत नाही. ती औषध लागलेल्या मातीतून ये-जा करते, अंगाला लागलेले औषध एकमेकींना चाटताना पसरते आणि काही दिवसांनी मरते. भरल्या घरात मी दुसऱ्या गटाकडे झुकेन, कारण वास कमी आणि रस्ता बदलण्याची शक्यताही कमी. मात्र लगेच परिणाम दिसला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी वरून दुसरा स्प्रे मारू नका, सगळे मुसळ केरात जाईल.

मिश्रण तुमच्यासमोर करायला सांगा. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी असेल तर लिटरभर पाण्याला सुमारे २.१ मिलिलिटर, म्हणजे वरच्या हिशेबातल्या चाळीस लिटरांना ८४ मिलिलिटर. सीलबंद बाटली समोर उघडू द्या, लेबलचा आणि मुदतीचा फोटो घ्या. बिसलेरीच्या बाटलीतून आणलेले पांढरे पाणी नाकारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

ड्रिल कुठे चालवू द्यायचे नाही

बाथरूमच्या फरशीत आणि मोरीत भोके पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटते आणि खालच्या घराच्या छतातून पाणी गळू लागते, मग वाळवी परवडली म्हणायची वेळ येते. वायरिंग आणि पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते आधी दाखवा. नकाशा नसेल तर स्विचबोर्डाच्या सरळ खाली-वर आणि नळांच्या रेषेत ड्रिल लावू देऊ नका. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली मातीच नसते, त्यामुळे तिथे ‘तळमजल्यासारखेच करतो’ म्हणणाऱ्याला विचारा, औषध नेमके कशात मुरणार? तिथे फरशीखालचा थर, डक्ट, पाइपांच्या कडा आणि लाकूड यांवरच लक्ष हवे.

कोरड्या लाकडातल्या वाळवीला किंवा भुंग्याला तर जमिनीतली भोके लागतच नाहीत. लाकडात औषध भरणे किंवा तो भाग बदलणे पुरते. लक्षण न पाहता फोनवरच ‘घरभर ड्रिलिंग’चा दर सांगणाऱ्यापासून दूर राहा.

भोके नकोच असतील तर आमिषाची पद्धत आहे. नळीवर किंवा जमिनीत आमिषाची डबी बसवतात, कामकरी वाळवी ते खाऊन वसाहतीत वाटते आणि कात टाकताना मरते. स्वच्छ पद्धत आहे, पण तिला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि माणसाने मधून मधून येऊन डबी पाहावी लागते. लगेच फर्निचर करायचे असेल तर ही तुमच्यासाठी नाही.

घरात मुले, मासे, विहीर असेल तर

तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण आणि पाळीव प्राणी यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. भांडी, धान्य, पिण्याचे पाणी बंद करून हलवा. ही औषधे माशांना फार घातक आहेत, त्यामुळे टाकी खोलीबाहेर न्या. ते जमत नसेल तर झाकून हवेचा पंप बंद ठेवा. तेलातले औषध लाकडात भरल्यावर वास जाईपर्यंत त्या खोलीत गॅस, उदबत्ती, निरांजन पेटवू नका. भोके बुजवून वाळली की फरशी साबणाने पुसून घ्या, पण स्कर्टिंगच्या कडेला बादल्या ओतू नका.

विहीर किंवा बोअर घराला लागून असेल तर हे आधीच सांगा. त्या बाजूला मातीत औषध सोडू देऊ नका. लाकडावरचा उपचार किंवा आमिष यांवर भागवा. कोणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर असे काही झाले, तर औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो घेऊनच डॉक्टरांकडे जा.

माणूस निवडताना आणि कागद करताना

व्यवसाय म्हणून पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि त्याखालच्या नियमांनुसार परवाना लागतो. परवान्याची प्रत मागा. देणारा देतो, टाळणारा ‘ऑफिसला आहे’ म्हणतो. तपासणीला आलेल्या माणसाने घरातली ओल पाहिली का, प्रश्न विचारले का, की फक्त चटईक्षेत्र विचारून दर सांगितला? दर चौरस फुटावर सांगण्याची पद्धत आहे, पण काम भिंतीच्या लांबीवर होते. म्हणून कोटेशनमध्ये हे लिहून घ्या:

- औषधाचे नाव आणि टक्केवारी
- कोणत्या खोल्या, किती भोके, कोणत्या लाकडात उपचार
- हमी किती वर्षांची आणि हमीत नेमके काय: फक्त पुन्हा फवारणी की पूर्ण उपचार
- हमीच्या काळात किती वेळा येऊन तपासणार
- तक्रार केल्यावर किती दिवसांत येणार
- ड्रिलने पाइप किंवा वायर फुटली तर दुरुस्ती कोणाची

हमीच्या कागदावर बारीक अक्षरात एक अट असते: फरशी बदलली, कपाट हलवले किंवा गळती झाली तर हमी रद्द. ती सही करण्यापूर्वी वाचा. खाल्लेल्या फर्निचरची भरपाई बहुतेक कोणीच हमीत धरत नाही. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका आणि पक्के बिल घ्या. बिलाविना हमी म्हणजे तोंडची वाफ.

नवे घर बांधत असाल किंवा फर्निचर करत असाल

बांधकामाच्या वेळीच उपचार केला तर तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ. वर सांगितलेल्या आयएस ६३१३ मानकाचा भाग २ त्यासाठी आहे. पायाच्या खड्ड्यात, भरावाच्या मातीत, जोत्याच्या भरावावर काँक्रीट टाकण्यापूर्वी आणि शेवटी इमारतीच्या बाहेरच्या कडेने, असा टप्प्याटप्प्याने तो होतो. सपाट पृष्ठभागाला चौरस मीटरला पाच लिटर आणि पायाच्या बाजूंना साडेसात लिटर हे प्रमाण. भर पावसात केलेले काम वाहून जाते आणि उपचारानंतर माती पुन्हा उकरली तर तो थर तुटतो. तुम्ही स्वतः हजर राहा आणि रिकामे डबे मोजा.

दुसरे पाहायचे ते भरावात काय गाडले जाते ते. शटरिंगच्या तुटक्या फळ्या, लाकडी खुंट्या, सिमेंटच्या कागदी गोण्या गवंडी सर्रास जोत्यात ढकलतात. घराच्या पोटात ही वाळवीची शिदोरी तुम्ही स्वखर्चाने पुरून ठेवता. बाहेरच्या बागेची माती आणि कुंड्या जोत्याच्या वर चढवू नका. जोते उघडे राहिले तर नळी निदान दिसते तरी.

बाथरूमला लाकडी चौकट बसवूच नका, ग्रॅनाइटची करा. ओट्याखाली कडाप्पा किंवा स्टील उत्तम. प्लायवुडवर ‘एमआर’ लिहिलेले असते त्याचा अर्थ दमट हवा सोसणारे, वाळवी न लागणारे नव्हे. ओल्या जागी आयएस ७१० चा शिक्का असलेले प्लाय घ्या. त्यात लाकूड-रक्षक प्रक्रिया अपेक्षित असते, तरी कापलेल्या कडा आणि पाठ उघडी ठेवू नका. समोर सनमायका आणि मागे कोरे प्लाय, ते ओल्या भिंतीला टेकवलेले, हे पाहिले की मला त्या सुताराची नव्हे, त्या घरमालकाची कीव येते. सागवान म्हटले तरी फक्त गाभ्याचे लाकूड टिकते. कडेचा पांढरट भाग वाळवी आनंदाने खाते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या सागवानात तोच जास्त असतो.

खर्च कोणाचा? तुमचे हक्क

नवा फ्लॅट. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. करारनाम्यात किंवा माहितीपत्रकात ‘अँटी टर्माइट ट्रीटमेंट’ लिहिले असेल तर तुमची बाजू पक्की होते. फोटो जोडून लेखी कळवा, पोच ठेवा, आणि दाद न लागल्यास महारेराकडे जा.

सोसायटी. घरातले लाकूड तुमचे. डक्ट, सामाईक ड्रेनेज, इमारतीचा पाया आणि भोवतालची जमीन सोसायटीची. वाळवी डक्टमधून येत असेल तर एका घराने स्वतःच्या खर्चाने उपचार करून उपयोग नाही, शेजाऱ्याकडे पाहुणी जाईल. सचिवांना लेखी अर्ज द्या आणि विषय समितीच्या बैठकीत घेऊन इतिवृत्तात नोंदवायला सांगा. तळमजल्याच्या सगळ्या घरांचे काम एकत्र दिले तर दरही कमी पडतो.

भाड्याचे घर. इथे एक फरक नीट समजून घ्या. जुने पागडीचे किंवा भाडेकायद्याखालचे भाडेकरू असाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकाचे काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केले नाही, तर तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता; वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असतात. तिथे करारात जे लिहिले तेच लागू. म्हणून सही करण्यापूर्वी कपाटे वाजवून पाहा, फोटो काढून मालकाला पाठवा आणि ‘वाळवीचा उपचार मालकाच्या खर्चाने’ ही ओळ घालून घ्या. नाहीतर घर सोडताना पोखरलेल्या कपाटाचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातील.

पेस्ट कंट्रोलची फसवणूक. हमीच्या काळात कंपनी येत नसेल तर आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. घराच्या विम्यावर मात्र विसंबू नका. हळूहळू होणारे वाळवीचे नुकसान त्यात सहसा धरत नाहीत.

कागद आणि नोटा खाल्ल्या तर

२०२३ साली उत्तर प्रदेशात मुरादाबादला एका बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या १८ लाखांच्या नोटा वाळवीने फस्त केल्याची बातमी देशभर गाजली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लॉकरमध्ये रोकड ठेवायची नसतेच. घरातल्या डब्यातल्या नोटा खाल्ल्या असतील तर उरलेले तुकडे फेकू नका. ५० रुपयांच्या आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, ४० टक्क्यांखाली काही नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून जास्त भाग उरला की पूर्ण किंमत. बदलून देण्याचे काम बँकांच्या शाखांत होते. गठ्ठा चिकटून गोळा झाला असेल किंवा हात लावताच भुगा होत असेल, तर मुंबईच्या किंवा नागपूरच्या रिझर्व्ह बँक कार्यालयात जावे लागते.

खरेदीखत गेले तरी घर जात नाही. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात असते. दस्त क्रमांक आणि वर्ष सांगून अर्ज केला की प्रमाणित नक्कल मिळते. क्रमांक आठवत नसेल तर सूची क्रमांक दोन शोधा, ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही पाहता येते. सोसायटीचे भागप्रमाणपत्र गेले असेल तर समितीकडे दुय्यम प्रतीचा अर्ज आणि हमीपत्र द्यावे लागते, गुणपत्रिकांसाठी परीक्षा मंडळाच्या विभागीय कार्यालयात जावे लागते. अर्धवट खाल्लेले मूळ खत मात्र टाकून देऊ नका. माती झटकून, उन्हात वाळवून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. पुढे घर विकताना किंवा कर्ज घेताना बँक मूळ कागद विचारते, तेव्हा नक्कल आणि हा चाळणी झालेला कागद एकत्र दाखवला, तर ‘हरवला’ म्हणून पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याचा द्राविडी प्राणायाम बहुधा टळतो.